पलीकडचं इंजिन

आमच्या मळ्यात विजेची लाइन आली नाही, यात सरकारचा काही दोष नाही. सरकारला आम्ही पुष्कळ गोष्टींसाठी बोल लावतो, या सीमाभागात तर दोन-दोन सरकारांना लावतो. पण खांबाचं पाप आमच्याच घराचं. माझे यजमान आणि माझे थोरले दीर सख्खे भाऊ. वाटण्या झाल्या, रानाच्या मधोमध बांध पडला आणि नेमकी तिथूनच लाइन जायची होती. खांब अलीकडे रोवला तर आमचं रान जाणार, पलीकडे रोवला तर त्यांचं. बांधावरच रोवा म्हणावं, तर बांध कोणाचा यावरच भांडण. लाइनमनांनी खांब आणून काही दिवस रस्त्याकडेला टाकून ठेवला आणि शेवटी कंटाळून दुसऱ्या शिवारात नेला. घरात दिव्यापुरती वीज रस्त्याच्या बाजूने आली, पण मोटर ओढेल अशी लाइन काही आली नाही. बोरगावच्या रस्त्याला आजूबाजूच्या सगळ्या रानांत विजेच्या मोटारी बसल्या आणि आमची दोन घरं डिझेलच्या इंजिनावर राहिली. एका खांबाच्या जागेपायी दोघा भावांनी जन्मभर डिझेल जाळलं.

विहिरी दोन, इंजिनंही दोन. एका विहिरीत भागलं असतं, पण भागवायचं कोणाला होतं? आमचं इंजिन जड आवाजाचं, धक धक धक करत चालायचं. पलीकडचं जरा पातळ आवाजाचं, टुक टुक टुक, आणि मधेच एक ठोका गिळायचं. सकाळी कोणाचं इंजिन आधी उठतं याची दोघा भावांत चुरस असायची. आमचे हे चहाचा कप अर्धा ठेवून उठायचे, का, तर पलीकडे हँडल मारल्याचा आवाज आला म्हणून. मी म्हणायचे, पाणी काय पळून जातंय? ते म्हणायचे, तुला न्हाय कळायचं. खरंच कळायचं नाही. इंजिनघराची भिंत धुराने काळी ठिक्कर पडली होती, माझ्या चांगल्या साड्यांनाही डिझेलचा वास यायचा, आणि मी निपाणीला शाळेत गेले की पोरं नाक मुरडायची. मी मराठी शाळेत शिकवायचे. मळ्यातून एसटीने जायचे, यायचे. सुट्टीच्या दिवशी त्या धक धक आवाजात वह्या तपासताना डोकं उठायचं.

भांडण पुरुषांचं होतं, पण पुरुषांचं भांडण बायकांनाच चालवावं लागतं. माझी थोरली जाऊ आणि मी, आम्ही दोघी बोलत नव्हतो. आमचं दोघींचं असं काही बिनसलेलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा पहिली काही वर्षं मी तिला आक्का म्हणायचे, तिच्याकडून भाकरी थापायला शिकले. बांध पडला आणि बोलणं थांबलं, एवढंच. मग आधी थोरले दीर गेले, त्यानंतर काही वर्षांनी आमचे हे गेले. भांडणारे दोघेही गेले म्हटल्यावर भांडण संपायला हवं होतं. पण तोवर न बोलायची इतकी सवय झाली होती, की बोलायचं तर सुरुवात कुठल्या शब्दाने करावी हेच दोघींना सुचत नव्हतं.

अगदीच बोलत नव्हतो असंही नाही म्हणा. तिच्याकडे म्हैस होती, माझ्याकडे कोंबड्या. तिला मला काही सुनवायचं असलं की ती म्हशीला सुनवायची, मोठ्याने, बांधाजवळ येऊन. मला उत्तर द्यायचं असलं की मी कोंबड्यांना देत असे. आमच्याकडे बायका असं बोलतात, त्यात नवल काही नाही. पण इतकी वर्षं आणि इतकं नेमाने कोणी बोललं असेल असं वाटत नाही. त्या म्हशीला आमच्या घराण्याचा सगळा इतिहास पाठ झाला असणार.

आणि इंजिनं होतीच. यजमान गेल्यावर, मी उठून इंजिनघराची किल्ली दिली की, वाट्याने रान कसणारा वाटेकरी माझं इंजिन सुरू करायचा. ते हँडल फिरवायचा जोर माझ्या मनगटात कधीच नव्हता. आक्का मात्र स्वतः हँडल मारायची. कमरेला पदर खोचून, एक पाय मागे रोवून. सकाळी पलीकडून टुक टुक सुरू झालं, की मला कळायचं, आक्का उठली. माझं धक धक सुरू झालं की तिला कळायचं, मी आहे. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. एका सकाळी तिचं इंजिन वाजलं नाही. मी चहा केला, तो गार झाला, तरी वाजलं नाही. मी वाटेकऱ्याला म्हटलं, जा, पलीकडून खोरं मागून आण. घरात दोन खोरी होती. तो परत आला.

"थोरल्या आक्कास्नी ताप हाय," म्हणाला. "खोरं न्हाय दिलं त्येनी. घरात दोन हाईत म्हणं तुमच्या."

मी त्याच्याच हातून तांदळाची पेज पाठवली. दुसऱ्या दिवशी टुक टुक सुरू झालं, आणि थोड्या वेळाने आक्का म्हशीला सांगत होती, पेजेत मीठ नव्हतं म्हणून. मीही एकदा कोणाला न सांगता मुलाकडे पुण्याला जाऊन राहिले. आल्यावर म्हशीला ऐकवलं गेलं, "गावाला जायचं आसंल तर मान्सानं सांगून जावं बाई. इंजान वाजंना, का वाजंना, आपुन काय समजायचं?" मी कोंबड्यांपुढे दाणे टाकत होते. मला हसू आलं आणि रडूही आलं.

मग सोलर आलं. माझ्या मुलाने पुण्यात बसून सगळं केलं, सरकारी योजनेत अर्ज वगैरे. तो तिथे कंपनीत आहे, त्याला या गोष्टी जमतात. डिझेल नको आई, धूर नको, खर्च नको, म्हणाला. मला तरी डिझेलचं काय प्रेम? गोकाककडची पोरं आली, लोखंडी खांब रोवले, त्यावर निळ्या काचा चढवल्या. गंमत अशी, की त्या खांबांना जागा द्यायला आमच्यात कोणी भांडलं नाही. भांडायला कोणी उरलंच नव्हतं. पोरं कानडी बोलत होती. मला कानडी कळतं, पण बोलायला गेले की शाळेतल्या बाईसारखं जपून जपून येतं. आक्काचं माहेर चिकोडीकडचं. ती बांधावर येऊन उभी राहिली आणि पोरांशी घडाघडा बोलू लागली. कुठलं गाव, कोणाची पोरं, जेवलात का, ढग आले तर काय, रात्री काय. यंत्र माझं, पण माहिती सगळी तिला. जाताना ती म्हशीकडे बघून म्हणाली, "बिसिल बंद्र नीर बरतैति म्हणं." म्हणजे ऊन आलं की पाणी येतं. त्यात कुचेष्टाही होती आणि थोडं आश्चर्यही.

मी सोलरच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि पाइपातून पाणी आलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी ते बंद करून पुन्हा दाबलं. जन्मभर माझ्या वाट्याचं पाणी पुरुषाच्या मनगटावर अवलंबून होतं. आता माझ्या एका बोटाने ते वर येत होतं. साड्यांचा वास गेला. भिंत धुऊन घेतली, चुना लावला. पाटाच्या कडेला टिटव्या ओरडतात हे मला त्या वर्षी पहिल्यांदा ऐकू आलं. वाटेकऱ्याला मी ऊस वाट्याने दिलाच होता. घरामागचा तुकडा माझा मी बघू लागले. दारं धरायचे, म्हणजे एका सरीत पाणी भरलं की खोऱ्याने माती ओढून ते दुसऱ्या सरीत वळवायचं. माझं मला पाणी, माझी मला माती. जुन्या इंजिनावर ताडपत्री टाकली आणि त्याचा पाइप घरामागच्या पत्र्याच्या शेडच्या भिंतीला लावून ठेवला.

वर्षभर आक्काचं एकटीचं टुक टुक चालू होतं. मग तिच्या मुलीने, ती बेळगावला दिलेली आहे, हट्टाने तिच्याकडेही सोलर बसवलं. पोरं तीच, काचा त्याच. त्या दिवसापासून सकाळी दोन्ही बाजूंना आवाज नाही.

मला वाटलं होतं, शांतता म्हणजे सुख. सुरुवातीला तसं वाटलंही. मग हळूहळू असं होऊ लागलं, की सकाळी जाग आली की मी कान देऊन पडून राहायचे, कशासाठी ते लक्षात यायला वेळ लागायचा. पलीकडे ती उठली की नाही, काही कळायचं नाही. माझंही तिला कळत नसणार. म्हशीशी बोलणंही कमी झालं. आधी इंजिनाच्या आवाजावर मात करायला मोठ्याने बोलावं लागायचं, तो बहाणाच गेला. शांततेत मोठ्याने बोललं तर ते सरळ माझ्याशीच बोलल्यासारखं झालं असतं. मी तुळशीला पाणी घालताना मुद्दाम तांब्या वाजवायचे. मला फार एकटं वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायला माणूस हवं.

त्यात मुलाच्या मोबाइलवर माझी मोटर दिसायला लागली. त्या यंत्रात तशी सोय आहे. पुण्यात बसून कळतं, मोटर सुरू झाली, किती चालली. त्याने ती ऑटोवर टाकून दिली, म्हणजे बटण दाबायलाही नको, पुरेसं ऊन पडलं की आपोआप सुरू. मी खोरं घेऊन सरीत जाऊन उभं राहायचं, एवढंच काम. सुरुवातीला तो मोठ्या कौतुकाने फोन करायचा.

"आई, आज ढग होते का गं? मोटर उशिरा सुरू झाली."

"होते थोडे."

"बघ, मला इथे दिसलं. बरी आहेस ना?"

मग ते फोन कमी झाले. मी एकदा बोलून दाखवलं तर म्हणाला, "अगं, रोज बघतो मी. मोटर सुरू दिसली की मला बरं वाटतं, आई उठली, कामाला लागली." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. इंजिन वाजलं म्हणजे माणूस उठलं, हे तो या मळ्यातच लहानपणी शिकला होता. मोटर ऑटोवर त्यानेच टाकली होती, पण ती माझ्याशिवायही सुरू होते ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे तंबाखू काढतात. निपाणी भागातला तंबाखू उन्हात वाळवायचा असतो. तोडलेली पानं रानातच पसरून ठेवतात, दव आणि ऊन दोन्ही खाऊन ती तयार होतात. तेव्हा त्याला पाणी लागून चालत नाही. आक्काने बांधाला लागूनच तंबाखू घातला होता, आणि तिचं रान माझ्यापेक्षा उतारावर. त्या दिवसांत मी दारं फार जपून धरायचे.

एका सकाळी ऊन यायच्या आधी मी कोंबड्या सोडायला मागच्या दाराने बाहेर पडले. इंजिनाचा तो जुना पाइप भिंतीवरून घसरून आडवा झाला होता. माझा पाय त्याच्यावर पडला, तो गोल फिरला, आणि मी शेडच्या मागे कोसळले. घोट्यात काहीतरी मोडलं हे पडता पडताच कळलं. उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. फोन घरात चार्जिंगला होता. वाटेकरी त्या दिवशी पाहुण्यांकडे लग्नाला गेला होता. शेडच्या मागची ती जागा अशी, की रस्त्यावरून दिसत नाही, बांधावरूनही दिसत नाही. मी हाका मारल्या. मग थोडं थांबून पुन्हा मारल्या. कोंबड्या खुराड्यात आतल्या आत कलकल करत राहिल्या.

ऊन शेडच्या पत्र्यावर आलं. मग पाइपातून पाणी पडायला लागल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकला आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पुण्यात आता मुलाला दिसत असणार, मोटर सुरू. तो म्हणत असणार, आई उठली. माझ्या पाटात पाणी चमकत असणार, तेही पलीकडून आक्का बघत असणार. इंजिन असतं तर आज ते वाजलं नसतं, आणि न वाजलेलं कोणीतरी ऐकलं असतं. मी तिथे मातीत पडून होते आणि माझी मोटर सगळ्यांना सांगत होती, की मी ठीक आहे.

पाणी चालूच राहिलं. पहिली सरी भरून फुटल्याचं मला आवाजावरून कळलं, मग दुसरी. दारं धरायला कोणी नाही म्हटल्यावर ते बांधाकडे निघालं असणार. माझ्या मनात तंबाखूचा विचार आला आणि, हसू नका, मला आशा वाटली.

थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला. आधी म्हशीला.

"बघ गं बाई, बघ. वरीसभराचं वाळत घातलंय हितं, आन् लोकास्नी दारं धरायला सवड न्हाय. आमचं वाटुळं झालं तरी चालतंय लोकास्नी."

मी हाक मारली. आवाज कोरडा पडला होता, पोचला नाही. मग ती बांधाच्या अगदी जवळ आली असणार, कारण माझ्या कोंबड्यांना उद्देशून म्हणाली, "का गं, तुमची मालकीण कुठं गेली? अजून सोडलं न्हाय तुमास्नी?" आणि गप्प झाली. ती गप्प झाली तिथेच तिला कळलं असावं. मी होती नव्हती तेवढी ताकद लावून ओरडले, "आक्का, हितं हाय मी. पडलेय."

ती बांध ओलांडून आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेडच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितलं.

"उठतीस का न्हाय?"

"उठता येईना."

"मग मोटर कुणी लावली?"

"आपोआप लागती ती, आक्का."

"आपोआप," ती म्हणाली. शिवी द्यावी तशी म्हणाली. आणि वळून गेली. आधी मोटर बंद करून आली, मग माझ्याकडे आली. मला राग आला नाही. तंबाखू तिचा होता, वर्षाचा होता, आणि मी काही वाहून जात नव्हते. परत आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. माझं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि माझ्या केसांतली माती झाडता झाडता ती रागाने बोलायला लागली.

"रोज बगते मी पाणी. उठल्या उठल्या पयलं त्येच बगते. पाणी आलं म्हंजे तू हाईस, आसं समजते. आजबी तसंच समजलं. चूल पेटवली, च्या प्याले. आन् तू हितं पडलीयास."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मला मी पडल्यानंतर पहिल्यांदा तेव्हाच रडू आलं. तिचा अर्धा तंबाखू भिजला होता. त्याबद्दल ती नंतर कधी एक शब्द बोलली नाही, म्हशीलासुद्धा.

मुलगा रातोरात आला. प्लास्टर घातलेला माझा पाय बघून सारखं एकच म्हणत होता, "मला तर मोटर सुरू दिसत होती गं." मोबाइल उघडून मला दाखवत होता, जणू काही चूक मोबाइलची. मग म्हणाला, आता बास, चल पुण्याला. मला पुण्याला जायचं नव्हतं. तिथला फ्लॅट चांगला आहे, सून चांगली आहे, पण तिथे मी खिडकीत बसून दुसऱ्यांच्या खिडक्या बघते. इथे एकटं वाटलं तरी ते माझ्या मातीत वाटतं. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, इथे तुझ्याकडे बघायला आहे कोण?

पलीकडून आवाज आला. "कोण हाय म्हणतोय गं म्हशे. मी काय मेलेय काय?"

मुलगा दारात गेला. लहानपणी त्याने ते बोलणं पुष्कळ ऐकलेलं होतं.  मग त्याने मोटर ऑटोवरून काढली, रोज हाताने बटण दाबायचं अशी कबुली माझ्याकडून घेतली आणि दोन-तीन दिवस राहून परत गेला.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला पलीकडून टुक टुक ऐकू आलं. मधे एक ठोका गिळलेला. मला वाटलं तिचं सोलर बिघडलं. आक्का माझा चहा घेऊन आली तेव्हा विचारलं.

"पट्टा काढलाय," ती म्हणाली. "पंपाला जोडलेलं न्हाय. मोकळंच चालवते जरा वेळ. वाजलं म्हंजे मी हाय. तू काय वाजवणार सांग."

मी उलथन्याने ताट वाजवायचं ठरलं. एखादा शहाणा माणूस म्हणेल, डोक्यावर ऊन असताना दोन म्हाताऱ्यांनी आवाजासाठी डिझेल जाळायचं म्हणजे काय? म्हणू दे. वाटीभर डिझेल आणि चिमूटभर धूर. पाणी उन्हावरच येत होतं. पण ऊन कोणाचं नाव घेत नाही, आणि आम्हाला सकाळी कोणीतरी नाव घ्यायला हवं होतं. ती टुक टुक करायची, मी ताट बडवायचे. रस्त्याने जाणारे बघत जायचे. माझं प्लास्टर निघालं, तरी आम्ही ते बंद केलं नाही.

ते दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. फार नव्हते. आक्काच्या हाताला कंप सुटला. आधी हँडल एका दमात बसायचं, मग दोन-तीनदा मारावं लागायला लागलं, आणि एका सकाळी ते वाजलंच नाही. मी काठी टेकत बांध ओलांडून गेले. ती इंजिनापाशी खाली बसली होती, हँडल मांडीवर.

"हात वर जाईना गं," म्हणाली. तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले. दोघींनाही हँडल मारता येत नव्हतं, आणि मारून देणारे दोघं कधीच गेले होते.

आक्काची मुलगी गाडी घेऊन आली आणि तिला बेळगावला घेऊन गेली. म्हैस विकली. रान वाट्याने दिलं. सामान भरताना मुलगी मला हसत हसत म्हणाली, "काकू, बघा, आई हँडल घेऊन निघाली." साड्यांच्या बोचक्यात खरंच ते लोखंडी हँडल होतं. बेळगावच्या फ्लॅटात ते कशाला लागणार, असं आक्काला कोणी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर आक्का मला म्हणाली, "सकाळी हाक मारायची. ताट वाजवलेलं तिकडं न्हाय ऐकू यायचं. फोन कर, आन् मोठ्यानं बोल."

आता पलीकडे कोणी नाही. तिची मोटर ऑटोवर आहे, उन्हाबरोबर उठते, वाटेकरी पाण्यामागे असतो. मी ऊन यायच्या आधी उठते. मुलगी फोन आक्काच्या कानाला लावते, तिला कमी ऐकू येतं, म्हणून मला ओरडावं लागतं. "आक्का, उठले गं." रस्त्याने जाणाऱ्याला वाटत असणार, म्हातारीचं भांडण पुन्हा पेटलं.  मग तिकडून ती म्हणते, "व्हय. ऐकू आलं." एवढंच. त्यानंतर मी जाऊन मोटरचं बटण दाबते. त्याआधी दाबत नाही. असं काही ठरलेलं नाही, पण दाबवत नाही.

काल सकाळी फोन लागला नाही. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. मी पायरीवर बसून राहिले. ऊन पत्र्यावर आलं, मग अंगणात आलं. बांधापलीकडे तिची मोटर आपोआप सुरू झाली आणि तिच्या रानात पाणी पडू लागलं. माझा तुकडा कोरडाच होता. तेवढ्यात पुण्याहून फोन आला.

"आई, मोटर सुरू दिसत नाही. तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे रे," मी म्हटलं. "आक्का फोन उचलत नाही."

"अगं, कुठे गेल्या असतील. दवाखान्यात बिवाखान्यात. ऊन वाया चाललंय, तू मोटर लाव की."

मी पलीकडच्या पाण्याकडे बघितलं. "लावते," मी म्हटलं. "जरा थांब."